एहसान कायका?

माणूस गेल्यावर त्याच्याविषयी चांगलेच बोलावे, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे. मेलेल्याला उत्तर देता येत नाही, म्हणून त्याच्यावर आरोप करू नयेत, एवढे शहाणपण तिच्यात आहे. पण या रीतीला एक दुसरी बाजू आहे. मेलेल्याला आरोपाचे उत्तर देता येत नाही, तसे खोट्या स्तुतीचेही देता येत नाही. जियारतीच्या दिवशी ओसरीवर बसलेली चार माणसे आपापल्या परीने गेलेल्या माणसाला घडवत असतात आणि चाळीसवा होईपर्यंत घरातल्यांना ओळखू येणार नाही असा कुणी तरी तिसराच फरिश्ता उभा राहतो. त्या फरिश्त्याला भूक नसते, राग नसतो, महिन्याअखेरची चिंता नसते. अशा स्तुतीने गेलेल्याचा सन्मान होतो की त्याचे आयुष्यच पुसले जाते, हा प्रश्न आम्हा भावंडांना बरीच वर्षे पडलेला आहे. तो प्रश्न आमच्या दादीमुळे पडला.

आमची दादी नर्स होती. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी सरकारी दवाखान्यात तिने तीस वर्षांहून अधिक काळ नोकरी केली. १९९१ साली ती निवृत्त झाली. गावात तिला नावाने हाक मारणारे थोडे. हिंदू-मुसलमान सगळ्यांचीच ती ‘नर्सबाई’. २००९ साली ती अल्लाहला प्यारी झाली, तेव्हा जनाजात मोहल्ल्यातल्यापेक्षा बाहेरची माणसे जास्त होती. त्यानंतर शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. एकामागून एक वक्ते उठले आणि प्रत्येकाने थोड्याफार फरकाने एकच वाक्य सांगितले : नर्सबाईंनी आयुष्यभर सेवा केली, कुणाकडून एक पैसासुद्धा घेतला नाही.

हे खरे नव्हते. दादी पैसे घेत असे. नोकरीत असताना सरकारी पगार घेत असे आणि निवृत्तीनंतर दहा-बारा वर्षे ती घरोघरी इंजेक्शन द्यायला, जखमेची पट्टी बदलायला जाई, त्याचेही घेत असे. तिची एक वही आमच्याकडे आहे. लाल पुठ्ठ्याची, किराणा दुकानात मिळते तशी. तिच्यात तारीख आहे, काम आहे आणि समोर रक्कम आहे. ५ रुपये, १० रुपये, कुठे ‘बाकी’, कुठे ‘माफ’. ‘माफ’ बरेच आहेत. पण रकमाही बऱ्याच आहेत. त्या पैशांतून आमच्यातल्या दोघांच्या कॉलेजच्या फिया भरल्या गेल्या. शोकसभेत आमचे अब्बा मान खाली घालून हे ऐकत होते. घरी आल्यावर ते एवढेच म्हणाले, “अम्माने सुना होता तो बोली होती, मैं क्या चोर थी, जो छुपाते?”

कुणी पेशंट बरा होऊन नारळ, साखर घेऊन दारात आला आणि “नर्सबाई, तुमचे उपकार कसे फेडू” असे म्हणाला, की दादीचे उत्तर ठरलेले असे. त्याच्याशी ती मराठीत बोले, “अहो, माझं काम होतं ते.” तो गेल्यावर आमच्याकडे वळून आपल्या दख्खनी बोलीत म्हणे, “काम किया, पैसे लिए. एहसान कायका?”

या शब्दांत एक मोठा नैतिक विचार आहे, असे आम्हाला वाटते. तो नीट उलगडून पाहावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या मनात सेवा आणि मजुरी यांच्यामध्ये एक भिंत आहे. मजुरी घेतली की ती सेवा राहिली नाही. सेवा म्हटली की तिची मजुरी मागायची नाही. ही भिंत सगळ्यांच्या बाबतीत सारखी नाही, हे मात्र आपण विसरतो. डॉक्टरने फी घेतली म्हणून त्याचे देवपण कमी होत नाही. वकील, मास्तर, इमाम यांना मिळणारे मानधन कुणाला खटकत नाही. आजाऱ्याच्या उशाशी रात्र काढणारी बाई मात्र पैशाविषयी बोलली, की आपल्याला वाईट वाटते. का? कारण तिचे काम हे काम नसून बायकांचा स्वभाव आहे, असे आपण मनोमन धरून चाललेलो असतो. स्वभावाची कुणी मजुरी देते काय?

धर्माच्या नावाने ही भिंत उभी करता येईल, असे कुणाला वाटत असेल, तर त्याने इस्लामच्या आरंभीच्या इतिहासात डोकावून पाहावे. मदीनेत अस्लम टोळीतील रुफैदा नावाची स्त्री होती. खंदकाच्या लढाईत, म्हणजे इ.स. ६२७ मध्ये, जखमींसाठी मस्जिदे-नबवीमध्ये तिचा तंबू उभारला गेला होता आणि जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना प्रेषितांनी तिच्याच तंबूत ठेवायला सांगितले, असे सीरतचे ग्रंथ सांगतात. हा भाग आपल्या प्रवचनांतून अधूनमधून ऐकायला मिळतो. पुढचा भाग क्वचित ऐकायला मिळतो. खैबरच्या मोहिमेनंतर या तंबूवाल्या स्त्रीला लढणाऱ्या पुरुषाइतकाच वाटा देण्यात आला, असे परंपरा सांगते. तिने सेवा केली म्हणून तिला नुसती दुआ देऊन परत पाठवले नाही. तलवार चालवणाऱ्या हाताचा आणि जखम बांधणाऱ्या हाताचा हिशेब एकाच मापाने केला. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही हदीस तर आपल्या मुलांनाही पाठ असते. त्या हदीसमध्ये घाम पुरुषाचा की बाईचा, शेतातला की आजाऱ्याच्या खोलीतला, असा भेद केलेला नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कुणी म्हणेल, की पैसा आला की माया जाते. आजच्या दवाखान्यांत काय दिसते? आधी अनामत रक्कम, मग खाट. बिल चुकते केल्याशिवाय माणूस घरी सोडत नाहीत. ज्याच्या घरचे दागिने या बिलापायी गेले, त्याला तुम्ही मजुरीचे माहात्म्य सांगता?

आक्षेप घेणाऱ्याचे दुःख खरे आहे; बोट मात्र चुकीच्या जागी ठेवलेले आहे. मजुरी वेगळी आणि नफेखोरी वेगळी. लाखाच्या बिलातले किती रुपये रात्रपाळीच्या नर्सच्या हाती पडतात, हे त्या नर्सलाच विचारावे. आमच्या चुलतभावाची मुलगी आज एका खाजगी रुग्णालयात नर्स आहे. जीएनएमचा कोर्स केलेली, हुशार पोर. बारा-बारा तासांची पाळी, कंत्राटी नेमणूक. पगार वाढवून मागायला गेली, तेव्हा तिला उत्तर मिळाले, “अहो सिस्टर, हा सेवेचा पेशा आहे. तुमच्या घरातच केवढा आदर्श आहे!” त्या माणसाने शोकसभेतले ते वाक्य कुठून तरी ऐकलेले होते. ‘एक पैसासुद्धा घेतला नाही.’ दादीच्या तोंडावर आपण चढवलेला तो फरिश्त्याचा मुखवटा तिच्या पणतीच्या पगाराच्या आड आला. खोट्या स्तुतीने कुणाचे काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना आमचे हे उत्तर आहे.

हे दुखणे एका पोरीचे नाही. खाजगी रुग्णालयांतील नर्सेसचे पगार आणि कामाची स्थिती सुधारावी, यासाठी परिचारिकांच्या संघटनेला सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारला समिती नेमायला सांगितले आणि त्या समितीने लहान रुग्णालयातसुद्धा नर्सला किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. शिफारस झाली. ती किती ठिकाणी अमलात आली, हे आपल्या गावातल्या नर्सिंग होममध्ये चौकशी केली तरी कळेल. लष्कराच्या परिचारिका सेवेतील एका अधिकारी स्त्रीला तिने लग्न केले म्हणून १९८८ मध्ये नोकरीतून काढून टाकले होते. तो नियम अन्यायाचा होता, असे सांगून तिला ६० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो फेब्रुवारी २०२४ मध्ये. मध्ये छत्तीस वर्षे गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० हे साल परिचारिका आणि सुईणींचे वर्ष म्हणून जाहीर केले होते. त्याच वर्षी २२ मार्चला आपण सर्वांनी दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या. टाळी वाजवण्यात गैर काही नाही. पण टाळी ही मजुरीची जागा घेऊ शकत नाही.

मग मायेचे काय? मजुरी घेणाऱ्या हातात माया असते की नाही? या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ते बेचाळीस वर्षे डोळ्यांसमोर होते. अरुणा शानबाग या तिथल्या नर्स. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्यांच्यावर तिथल्याच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला आणि त्या जवळजवळ अचेतन अवस्थेत गेल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन झाले. मधल्या सगळ्या वर्षांत त्यांना भरवणे, पुसणे, कूस बदलणे हे त्या रुग्णालयाच्या नर्सेसनी केले. एवढी वर्षे खाटेवर असूनही त्यांच्या अंगावर बेडसोर झाला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयापुढे झाली. मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क याच रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताचे नाते नसलेल्या, महिन्याला पगार घेणाऱ्या बायकांना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने जवळचे मानले!

विचार करण्यासारखी गोष्ट अशी, की हे बेचाळीस वर्षे टिकले ते ड्यूटीमुळे टिकले. एकट्या माणसाचे प्रेम कितीही मोठे असो, ते थकते. त्याला झोप येते, कंटाळा येतो, ते म्हातारे होते. ज्या नर्सेसनी १९७३ मध्ये अरुणाताईंना सांभाळले, त्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या. ज्यांनी त्यांना हिंडता-बोलताना कधी पाहिलेही नव्हते, त्यांनीही तीच कूस बदलली. पाळी बदलत गेली, काम थांबले नाही. माया असेल तर पाळी लागत नाही, असे आपल्याला वाटते. खरे तर मायेला दीर्घकाळ जगवायचे, तर तिला पाळीच लागते.

आमची दादी या विचारापर्यंत पुस्तकांतून आली नव्हती. तेविसाव्या वर्षी ती विधवा झाली तेव्हा तिला तीन मुले होती. सातवी म्हणजे त्या वेळची फायनल पास झालेली. चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली आणि तिने नर्सिंगला जायचे ठरवले. नातेवाइकांत मोठी खळबळ झाली. रात्रीची नोकरी, परके पुरुष, त्यांची मलमूत्राची भांडी, डोक्यावर पदराऐवजी टोपी. त्या काळी हे काम शरीफ घरचे नव्हते; मुसलमानांत नव्हते, तसे उच्चवर्णीय हिंदूंतही नव्हते. दादीने सगळ्यांचे ऐकून घेतले आणि एकच विचारले, की माझ्या तीन पोरांना तुमच्यापैकी कोण पोसणार? कुणी बोलले नाही. ती गेली. म्हणजे तिच्या सेवेच्या मुळाशी त्याग नव्हता, पोट होते. यात कमीपणा कुठे आहे? पोटासाठी पत्करलेले काम माणूस इतके मन लावून करू शकतो, हेच तर त्यातले मोठेपण.

आणि मजुरीने काय विकत घेता येते व काय येत नाही, हेही तिला नेमके ठाऊक होते. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते ७७ मध्ये, कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचे आकडे आरोग्य खात्यातल्या लोकांना ठरवून दिलेले असत. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते; ते पुढे कायदा होऊ शकले नाही, ही गोष्ट वेगळी. दादी कुटुंबनियोजनाच्या विरोधात मुळीच नव्हती. सातव्या-आठव्या बाळंतपणात गेलेल्या बायका तिने पाहिलेल्या होत्या. मोहल्ल्यात ती उघडपणे बायकांना समजावत असे आणि त्यापायी बोलणीही खात असे. पण फसवून, धाक घालून, रेशनकार्डाची भीती दाखवून ‘केस’ आणायला तिने नकार दिला. बाई स्वतः समजून हो म्हणेल, तिलाच नेईन, असे तिने वरिष्ठांना सांगितले. तिची वेतनवाढ रोखली गेली. मोहल्ला म्हणे ही सरकारची, सरकार म्हणे ही मोहल्ल्याची. ती कुणाचीच नव्हती. समोरच्या बाईची होती. पगाराचा प्रत्येक रुपया मोजून घेणारी बाई त्याच पगाराचे नुकसान सोसून ‘नाही’ म्हणते, तेव्हा मजुरी आणि ईमान यांचे नाते स्पष्ट होते. मजुरीने हात मिळतात. ईमान माणसाचे स्वतःचेच राहते. फुकट राबणाऱ्याचे ईमान शाबूत असते, असे थोडेच आहे?

इथपर्यंत सारे सोपे आहे. आता अवघड भागाकडे यावे लागेल.

दादी रात्रपाळीला जायची तेव्हा तिची मुले कोण सांभाळत होते? आमची फूफी. तीन भावंडांत थोरली. चौथी झाली आणि तिची शाळा सुटली. दोन भावांना जेवू घालणे, निजवणे तिच्याकडे आले. आमचे अब्बा आणि चाचा शिकले, नोकरीला लागले. फूफी अंगठाबहाद्दर नव्हती एवढेच. गावभर नर्सबाईचा लौकिक होता, त्या लौकिकाचा पाया या पोरीच्या शाळेच्या दप्तरावर उभा होता. शोकसभेत तिचे नाव कुणी घेतले नाही. घेणार कसे? तिने कुणाचे इंजेक्शन टोचले नव्हते.

मग दादीचे चुकले का? आम्ही हा प्रश्न एकमेकांना पुष्कळदा विचारला आहे. परक्याच्या तापलेल्या लेकराकडे जाताना स्वतःचे लेकरू दुसऱ्या लेकराच्या हवाली करावे काय? धर्मशास्त्रात अल्लाहचे हक्क आणि माणसांचे हक्क असे दोन भाग आहेत, आणि माणसांचे हक्क माणसांनीच माफ करायचे असतात, असे आपल्याला शिकवले जाते. त्या न्यायाने फूफीचा हक्क दादीकडे बाकी होता. दादीलाही तो ठाऊक होता. तिने मरणापूर्वी आपल्या पैशांतून फूफीच्या नावे वेगळी रक्कम ठेवली होती आणि मुलांना सांगितले होते, की हा हिस्सा नव्हे, ही तिची मजुरी आहे. वाटणीत धरू नका. म्हणजे दुसऱ्याला जो नियम, तोच तिने स्वतःला लावला. आपल्या पोरीने केले ते ‘मोठ्या बहिणीचे कर्तव्य’ म्हणून खपवले नाही. त्या पैशांनी शाळा परत आली का? आली नाही. काही बाक्या फिटत नसतात. पण फिटत नाही म्हणून नोंदवायचीच नाही, असा हिशेब दादीने केला नाही.

दोष द्यायचाच तर तो एकट्या दादीला देता येत नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार आपल्या देशात त्रेचाळीस हजार लोकांमागे एक नर्स होती. त्यानंतर दहा-बारा वर्षांनी नोकरीला लागलेल्या बाईच्या वाट्याला किती रात्री आल्या असतील, याचा अंदाज त्यावरून करावा. त्या नर्सच्या मुलांसाठी पाळणाघर असावे, असे कुणाला सुचले नाही. ती उणीव एका दहा वर्षांच्या मुलीने भरून काढली.

या संदर्भात आम्हाला सावित्रीबाई फुले यांचे १८५६ सालचे एक पत्र आठवते. आजारपणामुळे त्या नायगावी माहेरी होत्या. तिथून त्यांनी जोतिरावांना लिहिले. आपण नसल्याने फातिमाला कामाचा त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. फातिमा शेख यांच्याविषयी जानेवारी २०२५ मध्ये माध्यमांत मोठा वाद झाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. पत्रातली ही ओळ मात्र जागेवर आहे. सावित्रीबाईंनी ती ओळ काळजीने लिहिली. त्रास पडत असेल, हे त्यांना दिसत होते. पुढे १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची शुश्रूषा करता करताच त्या गेल्या. दुसऱ्याचा त्रास दिसणे हा त्यांचा स्वभावच होता. आपण मात्र अशा ओळीतला ‘त्रास’ हा शब्द गाळतो आणि ‘कुरकुर करत नाही’ एवढेच उचलतो. तो आपल्या बायकांचा दागिना करतो. कुरकुर न करणाऱ्याचा त्रास मोजायचा नाही, हे मग आपोआपच ठरून जाते.

दादीला २००७ साली लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा थोडी राहिली. दोन वर्षे ती खाटेवर होती. घरात तीन सुना. सगळ्यांनी गृहीत धरले, की आता सुना बघतील. दादीने तसे होऊ दिले नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिने कागद मागवला. डाव्या हाताने लिहिता येईना, म्हणून सांगून लिहवून घेतले. दर दोन तासांनी कूस बदलायची, सकाळी अंग पुसायचे, पाठीला पावडर लावायची, किती पाणी प्यायले, किती लघवी झाली याची नोंद ठेवायची. आणि प्रत्येक वेळेपुढे एक नाव. मुलगे, सुना, नातू, नाती, सगळ्यांची नावे. रात्री दोनची पाळी तिने चाचांना दिली. चाचा म्हणाले, “अम्मा, मुझे ये नहीं आता.” दादी तोंड वाकडे झाले होते तरी हसली. म्हणाली, “कोनकूच नहीं आता. सिखना पडता.” तो कागद दोन वर्षे भिंतीवर होता. दादीला बेडसोर झाला नाही.

सेवा हा बायकांचा स्वभाव आहे, या समजुतीला याहून चांगले उत्तर आम्ही कुठल्या ग्रंथात वाचलेले नाही. सेवा हे कौशल्य आहे, शिकावे लागते. कौशल्य आहे म्हणून तिला मजुरी आहे. आणि जिथे मजुरी देता येत नाही, घरात, नात्यात, तिथे पाळी आहे. मजुरीही नाही आणि पाळीही नाही, असे जिथे असते तिथे सेवा नसते. तिथे कुणा एकीची गुलामी असते आणि इतरांनी तिला सेवा असे नाव दिलेले असते.

एक गोष्ट राहिली. दादीची आठवण लिहा, असे आम्हाला पुष्कळजण सांगतात. तिने पाहिलेले प्रसंग, वाचवलेले जीव, लोकांची गुपिते. पण त्या लाल वहीत पेशंटचे एकही नाव नाही. ‘विहिरीजवळचे घर’, ‘लोहार गल्ली, वरचा मजला’, ‘मास्तरांची सून’ एवढेच. आजाराचे नाव तर कुठेच नाही. वही कुणाच्या हाती पडली, तर कुणाची अब्रू उघड्यावर येऊ नये, म्हणून तिने तशी लिहिली असावी. दुसऱ्याचे शरीर ही अमानत आहे आणि अमानतीत खयानत करायची नाही. कोण रडले, कोण कुठे पळून गेले, कुणाच्या पोटात कुणाचे मूल होते, हे सगळे तिच्याबरोबर कब्रस्तानात गेले. नर्सचे आयुष्य बहुतांशी दुसऱ्यांच्या गुपितांचे बनलेले असते. म्हणून तिचे चरित्र अपुरेच राहणार, आणि ते अपुरे राहिले पाहिजे. रिकाम्या जागा दिसल्या, की त्या चमत्कारांनी भरायचा आपल्याला मोह होतो. त्या रिकाम्या जागा म्हणजेच तिचे काम, एवढे समजले तरी पुरे.

मग गेलेल्या नर्सचे आपण काय देणे लागतो? तिच्यासाठी फातेहा पढावी, तिच्या नावाने सदका द्यावा, हे आहेच. पण ज्या पेशंटची तिने कूस बदलली, तो तिची कूस बदलायला येत नसतो. हे देणे तिला परत जात नाही, पुढे जाते. ते कसे पुढे जाईल, हे पाहायला फार मोठे तत्त्वज्ञान लागत नाही. आपल्या गावातल्या दवाखान्यात नर्सला किती पगार मिळतो, रात्रपाळीहून ती घरी कशी जाते, तिचे लेकरू कोण सांभाळते, याची विचारपूस करावी. आपल्या घरात कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर त्याचे कोण किती करते, ते कागदावर लिहून काढावे. त्या कागदावर एकाच बाईचे नाव पुन्हा पुन्हा येत असेल, तर घरातल्या पुरुषांनी रात्री दोनची पाळी आपल्या नावे लिहावी. येत नसेल तर शिकावे.